टिना टाकल्या की स्वस्तात सुटलो?

मोहफुलं वेचून झालेली असतात आणि तेंदूपत्त्याच्या फळ्या अजून सुरू व्हायच्या असतात. या मधल्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमध्ये छपराचा विषय निघतो. फाट्यांना भुंगा लागलेला, माकडांनी बरेच कवेलू फोडलेले आणि मृग दीड-दोन महिन्यांवर आलेला. अशा घरमालकाला जो भेटतो तो एकच सांगतो, "कायले कवेलूच्या भानगडीत पडता? टिना टाका अन् मोकळे व्हा. सगळ्यात स्वस्त तेच."

हे वाक्य हार्डवेअरवाला बोलतो, वेल्डिंगवाला बोलतो, शाळेतले मास्तरही बोलतात. इतक्या वेळा ऐकल्यावर आता त्याची चीड येते. चीड टिनांची नाही. अनेक घरांना टिनाच योग्य आहेत आणि ती घरं कोणती तेही पुढे सांगतो. चीड आहे ती हिशेब न मांडता दिलेल्या सल्ल्याची, कारण त्या सल्ल्यावर विसंबून माणूस हंगामाची अख्खी कमाई किंवा बचत गटाचं कर्ज घरावर चढवतो.

पहिली चूक मोजमापातच होते. घर २० बाय ३० फुटांचं असलं की सगळे ६०० चौरस फूट धरून चालतात. छप्पर कधीच तेवढं नसतं. चारही बाजूंना दोन-दोन फुटांची वळचण सोडली की २४ बाय ३४, म्हणजे ८१६ फूट झाले. मग उतार आला. कवेलूला साधारण ३० अंशांचा उतार द्यावा लागतो, नाहीतर पाणी कवेलूखाली मागे सरकतं. त्या उतारावर ८१६ चे सुमारे ९४० फूट होतात. टिनांना १० अंशांचा उतारही चालतो, तिथे सुमारे ८३० फूट भरतात. म्हणजे या एका बाबतीत टिना खरोखर वरचढ आहेत. मात्र कवेलूचा भाव ९४० ने आणि टिनांचा भाव ६०० ने गुणून केलेल्या तुलना सर्रास ऐकू येतात, आणि त्यात पत्र्यावर पत्रा चढवताना जाणारा भाग धरलेला नसतो. अशा तुलनेत टिना स्वस्त ठरणारच.

दुसरी चूक याहून मोठी. पत्र्याचा भाव हा छपराचा भाव नव्हे. कवेलूचं छप्पर आढ्यावर आणि फाट्यांवर उभं असतं, वर बांबूच्या कमच्या बांधलेल्या असतात. लाकूड थोडं वाकडं असलं तरी कवेलू ते सांभाळून घेतात, कारण प्रत्येक कवेलू सुटा असतो. दहा फुटांचा ताठ पत्रा वाकड्या फाट्यावर नीट बसत नाही. त्याला सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर आडवे लोखंडी पाईप किंवा अँगल लागतात. ते आले की कटिंग, वेल्डिंग, रंग आणि वीज नसलेल्या टोल्यावर जनरेटर, हे सगळं आलं. पत्र्याच्या बिलात यातलं काहीच नसतं. शिवाय जुनं छप्पर उतरवायची मजुरी, आढ्यावरच्या कोन्याचे पत्रे, स्क्रू आणि वॉशर हे वेगळे.

तरीही कोणी म्हणेल, जुन्याच फाट्यांवर टिना ठोकू, लोखंड कशाला? त्याचं उत्तर वजनात आहे. मंगलोरी कवेलूचं, म्हणजे आपण ज्याला इंग्रजी कवेलू म्हणतो त्याचं छप्पर एका चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास भरतं. टिनांचं जेमतेम चार-पाच किलो. मे महिन्यातल्या अवकाळी वादळात वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो आणि दारा-खिडकीतून शिरलेला वारा खालून ढकलतो. कवेलूचं छप्पर स्वतःच्या वजनाने बसून राहतं, फटींतून वारा निसटतो, पाच-पंचवीस कवेलू घसरतात. टिनांचं छप्पर सुटलं की चौकटीसकट सुटतं. म्हणून टिनांची चौकट भिंतीत पक्की जखडावी लागते आणि मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तिथे भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतायचा किंवा जमिनीतून खांब उभे करायचे. हा खर्च टाळून 'स्वस्तात' बसवलेल्या टिना पुढल्या वादळात शेजाऱ्याच्या वावरात सापडतात. उडालेल्या पत्र्याची धार माणसाला आणि जनावराला कापून काढते, हे वेगळं सांगायला नको.

दुकानात पत्रा निवडताना आणखी एक घोळ होतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय रंगीत पत्र्याची सांगितलेली जाडी कधी रंग आणि जस्तासकटची असते. वाद घालत बसू नका, पत्रा काट्यावर ठेवा. पन्हळी पाडण्याआधीच्या सपाट पत्र्याचा एक चौरस मीटर, जाडी ०.५ मिलिमीटर असेल तर सुमारे ३.९ किलो भरतो आणि ०.३५ असेल तर सुमारे २.७५ किलो. साडेतीन फुटी पन्हळी पत्रा साधारण चार फूट रुंदीच्या सपाट पत्र्यापासून बनतो. त्या हिशेबाने दहा फुटांचा एक पत्रा पहिल्या जाडीत साडेचौदा किलोच्या आसपास आणि दुसऱ्या जाडीत दहा किलोच्या आसपास भरायला हवा. 'स्वस्त' आणि 'महाग' या दोन दुकानांतला फरक पुष्कळदा या साडेचार किलोंचाच असतो. जस्ताचा थर किती, हेही विचारा. एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त आणि २७५ ग्रॅम जस्त यांच्या आयुष्यात मोठा फरक आहे, मग दिसायला दोन्ही पत्रे सारखेच चकचकीत असोत.

आता गळतीकडे जवळून पाहू. पत्रा फुटून गळत नाही, खिळ्याच्या भोकातून गळतो. पोलाद तापलं की लांब होतं. तीन मीटरचा पत्रा पहाटेच्या २५ अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांवर गेला की सुमारे दीड मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हे रोज चालतं. खिळा त्याच जागी असतो, पत्रा मात्र त्याच्याभोवती सरकत राहतो, भोक लांबट होत जातं. वॉशरचं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. मग खिळ्याभोवती गंजाचं तपकिरी कडं दिसू लागतं आणि पहिल्या पावसात बरोबर त्याच्याखाली थेंब पडतो. घरातले लोक तिथे डांबर लावतात, प्लास्टिकची पन्नी कोंबतात, आणि पन्नीखाली ओल साचून गंज अधिकच वाढतो. उपाय साधा आहे. खिळ्याऐवजी चांगल्या वॉशरचा स्क्रू वापरायचा, पन्हळी पत्र्यात तो खोलगट भागात न मारता पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, आणि काही वर्षांनी स्क्रू-वॉशर बदलायचे. म्हणजेच 'एकदा टाका आणि विसरून जा' असं टिनांचंही नसतं. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात हे सगळ्यांना दिसतं, कारण माणूस छपरावर चढतो. टिनांची देखभाल कोणी करतच नाही, म्हणून ती फुकट वाटते.

आणि मग उन्हाळा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांत असतात, पारा ४६-४७ अंशांवर जातो. उघड्या टिनेखाली दुपारी बाळंतीण आणि म्हातारं माणूस कसं राहत असेल, याचा हिशेब कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो. तो पैशात मांडता येतो. पंप आणि पंखा मिळून १८० वॅट घेणारा कूलर रोज १२ तास, ९० दिवस चालला तर सुमारे १९५ युनिट वीज जाते. आपल्या वीजबिलावरच्या दराने गुणा, म्हणजे छपराचा दरवर्षीचा छुपा हप्ता कळेल. वर कूलर विकत घ्यायचा, आणि पाणी भरायचं ते बहुतेक घरांत बायांनीच. कवेलूखाली गरम हवा फटींतून वर निघून जाते, म्हणून तिथे दुपार निभते. पैशात न मांडता येणारीही एक गोष्ट आहे. घर तापलं की माणसं अंगणात खाटा टाकतात, आणि आपल्या जिल्ह्यांत अंगण म्हणजे बिबट्याची वाट असू शकते. २०२२ मध्ये चंद्रपूरलगतच्या दुर्गापुरात बिबट्याने काय दहशत माजवली होती ते लोक विसरलेले नाहीत.

मग तुलना करायची कशी? एकूण खर्चाला टिकण्याच्या वर्षांनी भागायचं आणि त्यात दरवर्षीची देखभाल मिळवायची. फक्त रीत दाखवण्यासाठी गोल आकडे घेतो, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा एक छप्पर ८० हजारांत झालं आणि दहा वर्षं टिकलं, तर वर्षाला आठ हजार पडले. दुसऱ्याला १ लाख २० हजार लागले, ते ३० वर्षं टिकलं आणि फेरायला दरवर्षी तीन हजार गेले, तर वर्षाला सात हजार पडले. 'महाग' छप्पर इथे स्वस्त निघालं. पण हिशेब इथे थांबवणंही चुकीचं. वरचे ४० हजार बचत गटाकडून महिना एक टक्का व्याजाने घेतले असतील, तर पहिल्याच वर्षी ४,८०० रुपये व्याज जातं आणि पारडं पुन्हा फिरतं. पैसा हातात आहे की उसना, यावर उत्तर बदलतं. म्हणून दुसऱ्याच्या घराचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही.

टिना कुठे योग्य, तेही स्पष्ट सांगतो. भामरागडला किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात इंग्रजी कवेलू बाहेरून आणायचे म्हटलं तर वर मोजलेल्या घराला सुमारे १,३०० नग लागतील, वजन तीन टनांवर जाईल आणि वाटेत फुटतील ते वेगळे. त्याच घराच्या टिना पावणेचारशे किलोंच्या आसपास भरतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, त्यामुळे जे न्यायचं ते जूनच्या आत न्यावं लागतं. जवळ कुंभाराची भट्टी नसेल, तर अशा गावात टिना हा शहाणपणाचा निर्णय आहे. माकडांचा त्रास असलेल्या गावातही तसंच. दरवर्षी शेकड्याने कवेलू फुटत असतील आणि ते फेरणारा जाणता माणूस गावात उरला नसेल, तर कवेलूचा हट्ट धरू नये. मग टिनांखाली बुरडाकडून बांबूचे तट्टे करून घ्या, तट्टे आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर जागा सोडा आणि ती हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना वाट ठेवा. पण हा खर्चही टिनांच्याच नावावर मांडा.

'बांबू आणायला गेलो तर वनखातं गुन्हा दाखल करतं, म्हणून लोखंडच बरं' हाही समज घट्ट आहे. वनहक्क कायदा २००६ ने बांबूला गौण वनोपजात धरलं आहे आणि निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या वनवापराचे, हक्कही मान्य केले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. तुमच्या ग्रामसभेकडे दावा मंजूर असेल, तर छपराचा बांबू कुठून आणि किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. दावा नसेल तर निस्तार पत्रक पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खाली ते केलेलं असतं आणि गावाला कशाची मुभा आहे ते त्यात लिहिलेलं असतं. लाकडाचं मात्र वेगळं आहे. इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही, सागाचा फाटा परस्पर तोडला तर गुन्हा दाखल होणारच. दोन्ही गोष्टी एकत्र करून लोक बांबूलाही हात लावायला घाबरतात, याचं वाईट वाटतं.

'बांबू दोन वर्षांत पिठासारखा गळतो' हे कच्च्या बांबूबद्दल खरं आहे. भुंगा बांबूतल्या पिष्टावर जगतो. हिवाळ्यात तोडलेला, पाण्यात मुरवलेला आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेला बांबू पावसापासून झाकलेला राहिला तर अनेक वर्षं चालतो. या प्रक्रियेसाठी आयएस ९०९६ हे भारतीय मानक आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

आता स्लॅब. 'सिमेंटचे कारखाने आपल्याच जिल्ह्यात, मग स्लॅब परवडतोच.' गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंट बनतं हे खरं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हेही खरं. पण स्लॅबमध्ये सळई, रेती, गिट्टी, सेंट्रिंग आणि मजुरी असते, सिमेंट हा त्यातला एक भाग. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो, ते मातीच्या भिंती पेलू शकत नाहीत. जुन्या घरावर स्लॅब टाकणं म्हणजे पायापासून नवं घर बांधणं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये धरले आहेत, ते किमान २५ चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे २७० फुटांच्या घरासाठी. त्या पैशाच्या भरवशावर ६०० फुटांवर स्लॅब आखला की उरलेलं कर्ज ठरलेलंच. आणि स्लॅब थंड असतो म्हणणाऱ्याने मे महिन्यात रात्री नऊ वाजता त्याच्याखाली हात वर करून पाहावं. टिन दुपारी भाजते आणि सूर्य बुडाल्यावर लवकर निवते, स्लॅब दिवसभराची धग रात्री खाली सोडतो.

सिमेंटचे पत्रे टिनांपेक्षा कमी तापतात, पण त्यांतल्या ॲस्बेस्टॉसला जागतिक आरोग्य संघटनेने, सर्व प्रकारांसकट, कर्करोगकारक ठरवलं आहे. धोका कापताना, भोकं पाडताना आणि फोडताना उडणाऱ्या धुळीचा असतो. जुने पत्रे उतरवताना ते ओले करा, तोंडावर नीट बसणारा मास्क लावा, तुकडे रस्त्यात भर म्हणून टाकू नका. ॲस्बेस्टॉसविरहित फायबरचे पत्रे मिळतात, दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा.

'चुना मारून काय होतंय?' पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. सिरोंच्याच्या नदीपलीकडच्या तेलंगण राज्याने याच तत्त्वावर २०२३ ते २०२८ या काळासाठी छपरं थंड ठेवण्याचं धोरण आखलं आहे. चुन्याचा हात हा छपरावरचा सर्वांत स्वस्त खर्च आहे. पावसात धुतला जातो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा द्यावा लागतो.

'गंजलेल्या टिना विकल्या की अर्धे पैसे सुटतात.' भंगारात किलोचा भाव मिळतो आणि पातळ पत्र्यात किलोच कमी असतात. जुने धडके कवेलू मात्र गोठ्यावर पुन्हा वापरता येतात, उतरवताना ते फेकू नका.

शेवटचा समज सगळ्यांत घातक आहे. 'वादळात उडालं तर सरकार देतंच की.' राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत अंशतः पडझडीसाठी घराचं किमान १५ टक्के नुकसान व्हावं लागत होतं, आणि मग पक्क्या घराला ६,५०० तर कच्च्या घराला ४,००० रुपये मिळत होते. झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये होते. १ लाख २० हजार किंवा १ लाख ३० हजारांची मदत घर पूर्ण पडलं किंवा फार मोठं नुकसान झालं तरच होती. चार पत्रे उडाले तर त्यात काही बसत नव्हतं. पंचनामा होईपर्यंत उडालेले पत्रे आणि मोडलेली चौकट हलवू नका, फोटो काढून ठेवा आणि तलाठ्याला त्याच दिवशी कळवा.